विंडोजवर लिब्रेऑफिस टाकलं तर लिनक्सचं नुकसान होते का?

या महिन्यात पत्रं कमी आली. सोयाबीन घरात आलं, कापसाचा पहिला वेचा चालू आहे, लोकायले लिहायले टाईम कुठं? पण जे आले त्यातलं एक पत्र असं आहे का त्याच्यावर अख्खा अंक लिहिता येईल, म्हणून त्यालेच जास्त जागा देतो. बाकीच्यायनं राग मानू नका.

सवाल : सर, आमच्या शाळेत सहा कॉम्प्युटर आहेत, पाच चालतात, सहाव्याच्या सीपीयूत पालीनं अंडे घातले तवापासून तो बंदच आहे. सगळ्यायवर विंडोज आहे. मागच्या वर्षी मी त्यावर लिहायले अन् हिशोबाले लिब्रेऑफिस, व्हिडिओसाठी व्हीएलसी, नेटसाठी फायरफॉक्स, फोटोसाठी जिंप अन् लहान्या पोरायच्या खेळासाठी जीकॉम्प्री टाकलं, कारण हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं, लायसन्सची कटकट नाही. दिवाळीत आमचा एक माजी विद्यार्थी आला, पुण्याले आयटीत आहे, त्यानं पाहिलं अन् माह्यावरच चढला. म्हणे गुरुजी, तुम्ही उलटं काम करून राहिले, मुक्तवाल्यायच्या चांगल्या चांगल्या वस्तू विंडोजवरच भेटून गेल्या तर लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त सिस्टिमवर, कोण कायले येईल? एक तर पूर्ण लिनक्स टाका नाही तर हे काढा. मी पोरायले बाराखडी शिकवणारा माणूस, मले हे राजकारण समजत नाही. ठेवू का काढू?
— जि. प. शाळेतले एक शिक्षक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

जवाब : गुरुजी, ठेवा. बिलकूल काढू नका. पण तुमच्या विद्यार्थ्यालेही येड्यात काढू नका, कारण तो जे म्हणून राहिला ते भांडण लय जुनं आहे अन् गंमत म्हणजे तुम्ही जे जीकॉम्प्री टाकलं ना, त्याच्याच पोटात हे भांडण होऊन गेलेलं आहे.

जीकॉम्प्री हे २००० साली एका फ्रेंच प्रोग्रामरनं सुरू केलं. नावातच फ्रेंच भाषेतला शब्दखेळ आहे, ‘समजलं मले’ असा. तर हे लिनक्सवर पहिल्यापासून पूर्ण फुकट होतं, पण विंडोजवर टाकलं का मोजकेच खेळ उघडत, बाकीच्यायले कुलूप, पैसे भरून कोड घेतला का मंग सगळे खेळ चालू. अन् हे लपून-छपून नव्हतं, त्यायनं सांगूनच टाकलं होतं का लोकायनं मुक्त सिस्टिमकडं यावं म्हणून आम्ही असं करतो. म्हणजे तुमचा विद्यार्थी जे म्हणते तेच त्यायनं वर्षानुवर्षं करून पाहिलं. २०२० मध्ये ते कुलूप काढलं, आता विंडोजवरही पूर्णच्या पूर्ण भेटते, तुमच्या पोरायले भेटलं तसं. माह्या मतानं ते कुलूप कधीच कामाचं नव्हतं. घाटंजी तालुक्यातल्या मास्तराले विंडोजवर खेळ कमी दिसले तर तो काही रात्री बसून लिनक्स टाकत नाही, तो दुसरा कोणता तरी गेम टाकून मोकळा होते.

आता थोडं मागं जाऊ. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमननं १९८३ मध्ये जीएनयू नावाच्या मुक्त सिस्टिमची घोषणा केली तेव्हा त्याच्याजवळ स्वतःची चालती सिस्टिम होती कुठं? प्रोग्राम लिहायचं इमॅक्स, लिहिलेलं मशीनले समजंन असं करणारा जीसीसी कंपायलर, असे सगळे औजार लोकायनं आधी वापरले ते कंपन्यायच्या मालकीच्या युनिक्स सिस्टिमवर. बटईनं वावर करावं तसं, जमीन दुसऱ्याची अन् बियाणं आपलं. मंग १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सचा लिनक्स हा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आला तेव्हा त्याच्यावर चालवाले औजार तयारच होते, लोकायच्या हातात बसलेले होते. म्हणजे जो माणूस आज मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत सगळ्यात कट्टर समजला जाते त्याचंही काम दुसऱ्याच्या जमिनीवरच मोठं झालं, हे तुमच्या विद्यार्थ्याले जरूर सांगा.

फायरफॉक्सचं तर याच्यापेक्षाही भारी आहे. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली. त्याच्या आधी इंटरनेट एक्स्प्लोरर नव्वद टक्क्यायच्या वर लोकं वापरत अन् कित्येक साईटीवर खाली लिहूनच असे का ही साईट फक्त एक्स्प्लोररमध्ये पहा. लिनक्सवाला माणूस अशा साईटीवर गेला का पान अर्धं दिसे, बटन दाबलं का काहीच होत नसे. आता मले सांगा, लिनक्सवाले मूठभर लोकं रडले असते तर साईटवाल्यायनं काय फरक केला असता? काही नाही. पण फायरफॉक्स विंडोजवर आलं, विंडोजवरच्या करोडो लोकायनं घेतलं, तवा कुठं साईटवाल्यायले वाटलं का बापा आता सगळ्या ब्राउझरात चालली पाहिजे. ते लोकं विंडोज सोडून कुठंच गेले नाही. तरी त्यायच्यामुळं लिनक्सवाल्याचा रस्ता साफ झाला. हा हिशोब तुमच्या विद्यार्थ्यानं धरलाच नाही, तो फक्त किती डोके इकडून तिकडं गेले तेवढंच मोजून राहिला.

आता माह्या डोळ्यानं पाहिलेलं सांगतो. पांढरकवड्याकडं एका गावात बचत गटाच्या ताई आहेत, अकरा बायकायचा गट, महिन्याचे दोनशे. त्यायच्या पोराचा जुना लॅपटॉप होता, त्यावर मीच लिब्रेऑफिस टाकून दिलं होतं, विंडोजवरच. त्या लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये हिशोब ठेवत, पिवळ्या रंगात कोणी थकवलं ते, हिरव्यात कर्ज परत केलं ते. मंग एका पावसाळ्यात हार्डडिस्क गेली, नवीन टाकली, अन् माह्याजवळ विंडोजचं ओरिजिनल काही नव्हतं तर मी सरळ लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं. भीतभीतच टाकलं, कारण का ते पुढं सांगतो. पेनड्राईव्हवरची हिशोबाची फाईल उघडून त्यायच्या समोर ठेवली. त्यायनं पूर्ण खाली-वर करून पाहिली, बेरीज मोबाईलवर ताडून पाहिली, अन् मले विचारलं काय, तर “भाऊ, कोल्हा कुठं गेला?” फायरफॉक्सचं चित्र हो! ते खाली पट्टीवर होतं, दाखवलं. मंग म्हणे, “अन् ते रस्त्यावरचं टोपडं?” ते व्हीएलसी. तेही होतं. बस, झालं. त्यायले सिस्टिम बदलली हे कळलंच नाही असं नाही, भिंतीचं चित्र हिरवं काहून झालं म्हणून विचारलं त्यायनं, पण घाबरल्या नाहीत, कारण तीन चेहरे ओळखीचे होते.

(त्या टोपड्याचीही एक गंमत आहे. व्हीएलसी हे पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोट्ट्यायचं प्रोजेक्ट, १९९६ पासूनचं. ते पोट्टे रस्त्यावरचे ट्रॅफिकवाले शंकू जमा करत, त्याच्यावरून ते चित्र पडलं. पोट्टे सगळीकडचे सारखेच.)

आता भीतभीत काहून टाकलं ते. २००९-१० ची गोष्ट असंन, तवा उबुंटूवाले (हाही लिनक्सचाच एक प्रकार) फुकट सीडी घरपोच पाठवत, टपालानं, विदेशातून, एक पैसा नाही. २०११ पर्यंत ते चालू होतं. माह्या पत्त्यावर पाकीट आलं तर पोस्टमन भाऊ सही घ्यायच्या आधी विचारते का हे नोकरीचं आहे का. मी इतका पेटलो होतो का बाजार लाईनीतल्या एका कृषी केंद्रवाल्याचा कॉम्प्युटर पूर्ण साफ करून उबुंटू टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा प्रिंटर चालेना. तिसऱ्या दिवशी नेटचा डोंगल चालेना. आठव्या दिवशी त्यानं दुसऱ्या पोट्ट्याकडून तीनशे रुपये देऊन चोरीचं विंडोज मारून घेतलं अन् मले सहा महिने चहा पाजला नाही. त्याच्या डोक्यात तवापासून एकच बसलं का लिनक्स म्हणजे खराब. तो माणूस आता मेला तरी लिनक्सवर येत नाही, म्हणजे मी एका माणसाले आणायच्या नादात कायमचा घालवला.

अन् ते तीनशे रुपये नीट पहा गुरुजी. शहरातले लोकं म्हणतात का मुक्त सॉफ्टवेअर घ्या, लायसन्सचे हजारो रुपये वाचतात. अरे पण आपल्या इकडं लायसन्सचे हजारो रुपये भरते कोण? विंडोजही तीनशेत अन् ऑफिसही त्याच तीनशेत. फुकटाशी फुकटाची लढाई आहे ही, त्याच्यात ‘आमचं फुकट आहे’ हे सांगून काही होत नाही. मंग काय सांगावं? तर हे का ते तीनशेवालं विंडोज दर दोन महिन्यानं काळं होते, ‘अॅक्टिव्हेट करा’ म्हणून ओरडते, क्रॅकसोबत व्हायरस येते, अन् हे असं होत नाही. हे लोकायले समजते.

मोठ्या ठिकाणचं पाहाचं असंन तर फ्रान्सचे पोलिस पहा, तिथं त्यायले जांदार्मरी म्हणतात. त्यायनं २००५ च्या सुमारास विंडोजवरच ओपनऑफिस (लिब्रेऑफिस त्याच्यातूनच निघालं) टाकलं. वर्षभरानं फायरफॉक्स अन् ईमेलसाठी थंडरबर्ड, तेही विंडोजवरच. मंग विंडोज व्हिस्टा आलं, त्यायनं पाहिलं का तसंही लोकायले नवीन शिकवणंच आहे, तर खालची सिस्टिमच बदलू, अन् २००८ पासून उबुंटू टाकाले सुरुवात केली. २०१३ पर्यंत ३७ हजार मशीन झाले होते. तीन-चार वर्षं पोलिसवाल्यायचे हात त्याच प्रोग्रामवर बसले होते म्हणून ते जमलं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाईन राज्यानंही २०२४ मध्ये ३० हजार कॉम्प्युटरचं जाहीर केलं तेव्हा क्रम तोच धरला, आधी लिब्रेऑफिस अन् विंडोज मागून.

पण म्युनिच शहराचंही सांगतो नाही तर तुम्ही म्हणाल एकच बाजू दाखवली. त्यायनंही आधी ऑफिस बदललं, मंग लिनक्स टाकलं, जवळपास पंधरा हजार कॉम्प्युटर करून दाखवले, अन् २०१७ मध्ये नगर परिषदेनं ठराव करून परत विंडोजवर जायचं ठरवलं. सरपंच बदलला का हातपंप कुठं लागंन तेही बदलते, हे आपल्याले काही नवीन नाही.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्या विद्यार्थ्याच्या बाजूनं आहे. २०१६ पासून विंडोजच्या आतच लिनक्सचं कमांडवालं सगळं चालवता येते, विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीनंच ती सोय दिली. पहिले अमरावतीच्या इंजिनिअरिंगच्या पोट्ट्याले प्रोग्रामिंगसाठी लिनक्स टाकावंच लागे, अर्धी रात्र जाई पण त्याच्यात तो शिके, पार्टिशन काय, ग्रब काय, सगळं. आता एक कमांड मारली का काम भागते, लिनक्स टाकायची गरजच पडत नाही. इथं मुक्त वस्तू मालकीच्या घरात गेली अन् तिथंच सून होऊन राहून गेली, हे कबूल. पण इमॅक्स नेणं, फायरफॉक्स नेणं, अन् घरमालकानं स्वतः बोलावून नेणं, याच्यात फरक आहे.

आता तुमच्या शाळेचं. पाचही मशीनवर जे आहे ते राहू द्या. पोरायच्या फाईली लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या ओडीटी फॉर्म्याटमध्येच सेव्ह करायची सवय लावा, पंचायत समितीले पाठवाची असंन तर पीडीएफ करा, त्यायले काही समजत नाही ती कायच्यात केली. मराठी टायपिंग युनिकोडमध्येच (कोणत्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते ते), इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, तो कीबोर्ड विंडोजमध्येही तोच अन् लिनक्समध्येही तोच, पोराचं बोट एकदा बसलं का बसलं. अन् एक गोष्ट जी बहुतेक जण करत नाही ती करा, पोरायले सांगा हे काय आहे ते. नुसतं चित्रावर क्लिक कराले शिकवलं तर पोरगं समजते का हे विंडोजसोबतच येते. माह्या त्या बचत गटाच्या ताईले मी कधीच सांगितलं नाही का हा कोल्हा कोणाचा, ही माहीच चूक. तुमच्या शिष्याचा राग खरं तर इथं पाहिजे होता.

अन् तो सहावा, पालीवाला. तो उघडून ब्रशनं साफ करा, रॅम काढून खोडरबरानं घासून परत लावा, चालला तर त्याच्यावर मिंट टाका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपलाच आहे, ११ ले टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय अन् नवा प्रोसेसर पाहिजे, जुन्या मशीनवर ते होत नाही. शिष्य परत दिवाळीत आला का त्यालेच बसवा टाकायले. पुण्याहून सल्ला देणं सोपं असते.

सवाल : दादा, माझं अचलपूरला डीटीपी सेंटर आहे, लग्नपत्रिका, बॅनर, वाढदिवस सगळं करते. कोरलवर काम आहे. विंडोजवरच इंकस्केप (कोरलसारखंच, पण मुक्त) टाकून शिकून घेतलं तर पुढं लिनक्सवर जाता येईल का? का मधीच अडकीन?
— एक वाचक ताई, अचलपूर

जवाब : ताई, तुम्ही कोरलमुळं नाही अडकणार, फॉन्टमुळं अडकान. तुमच्याजवळ दहा वर्षांच्या पत्रिका जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात असतील. त्या फॉन्टात ‘श्री गणेशाय नमः’ दिसते, पण आतून ते इंग्रजी अक्षरं अन् चिन्हंच असतात, फक्त त्यायले देवनागरीचे मुखवटे लावलेले. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडा, गणपतीच्या जागी नुसता कचरा. म्हणून आजपासून नवीन प्रत्येक पत्रिका युनिकोडमध्ये करा. मुक्ता, बालू असे मुंबईच्या एक टाईपवाल्यायचे मुक्त लायसन्सचे फॉन्ट आहेत, पत्रिकेले शोभतात. जुन्या मजकुराले कन्व्हर्टर भेटतात, पण नवरदेवाचं नाव हातानं तपासाच, ‘र्’ अन् रफार इकडचा तिकडं होते अन् मंग मांडवात बोलणं खावं लागते.

इंकस्केपमध्ये मराठी जोडाक्षरं बरोबर येतात. त्याची खरी कमजोरी छपाईच्या सीएमवायके रंगात आहे. त्याच्यासाठी पानं लावायचं मुक्त सॉफ्टवेअर स्क्रायबस, पण त्याची जुनी १.४ आवृत्ती घेऊ नका, त्यात जोडाक्षरं तुटत. जानेवारी २०२४ मध्ये १.६ आली, ती घ्या. दोन्ही विंडोजवरही चालतात अन् लिनक्सवरही. सीझनमध्ये प्रयोग करू नका, तुळशीच्या लग्नानंतर तुम्हाले श्वास घ्यायले टाईम नसते. शिकायचं ते पावसाळ्यात.

सवाल : सर, मोफत अन् मुक्त यात फरक काय? आमच्या क्लासमध्ये दोन्ही एकच सांगितलं.
— बी.कॉम. भाग १, वाशिम

जवाब : इंग्रजीत दोन्हीले ‘फ्री’ हा एकच शब्द आहे म्हणून तिकडचे लोकं गोंधळतात. आपल्याजवळ दोन शब्द आहेत तर आपण कायले गोंधळायचं? मोफत म्हणजे पैसे लागत नाही, पण आत काय आहे पाहू देत नाही. मुक्त म्हणजे वापरा, उघडून पहा, बदला, दुसऱ्याले वाटा, चारही गोष्टीची परवानगी. फाईल दाबाले जे सेव्हन-झिप वापरता ते मुक्त. पीडीएफ पाहाचं अॅडोबी रीडर मोफत, पण मुक्त नाही.

सवाल : लिनक्सवर टॅली चालते का?
— धान्य व्यापारी, हिंगणघाट

जवाब : लिनक्सची टॅली नाही. जुगाड करून चालवणारे आहेत, पण जीएसटी भरायच्या दिवशी जुगाड बंद पडला तर मले फोन येईल. शेठजी, तुम्ही विंडोजवरच रहा, ओरिजिनल घ्या, अन् बाकीचं लिब्रेऑफिस ठेवा.

सवाल : भाऊ, आमच्या गावात नेट लय कमजोर, तीन जीबीची फाईल उतरत नाही. पेनड्राईव्ह पाठवला तर लिनक्स मिंट टाकून द्यान काय?
— एक तरुण शेतकरी, ता. मेहकर

जवाब : देतो ना. ८ जीबीचा पाठवा, त्यातलं सगळं पुसलं जाईल हे ध्यानात ठेवून पाठवा, अन् परतीचं पाकीट तिकीट लावून सोबत टाका. आला का आधी त्याच्यावरूनच चालवून पहा, मशीनमध्ये टाकायची घाई करू नका, प्रिंटर अन् वायफाय चालते का ते पहा, मंग ठरवा. मागच्या महिन्यात तीन पेनड्राईव्ह आले. एकात कोणाच्या तरी साक्षगंधाचे चारशे फोटो होते, पुसायच्या आधी मी ते कॉपी करून ठेवले आहेत. ज्यायचे असतील त्यायनं साक्षगंधाची तारीख अन् नवरीच्या शालूचा रंग लिहून कळवावं.